पाळणे : एका क्रियापदाचा विचार

'पाळणे' या क्रियापदाला मराठीत कर्म म्हणून काय काय चालते, याची एकदा यादी करून पाहावी. आपण व्रत पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो, वेळ पाळतो, दिलेला शब्द पाळतो. आणि गाय, कोंबड्या, पोपट, कुत्राही पाळतो. यादीचे दोन गट सहज पडतात. पहिल्या गटात पाळणारा स्वतःला बांधून घेतो. दुसऱ्या गटात तो दुसऱ्या जिवाला बांधून ठेवतो, निदान वरवर पाहता तसे वाटते. मूळ संस्कृत धातूत राखणे, सांभाळणे हा अर्थ आहे आणि तो दोन्ही गटांना पुरतो, एवढे वर्गात सांगून मी अनेक वर्षे पुढच्या शब्दाकडे वळत आले आहे. हे दोन गट खरोखरच वेगळे आहेत का, हा प्रश्न मला पडला तो व्याकरणामुळे नव्हे, एका मांजरीमुळे.

वरच्या यादीत मांजर मी मुद्दामच घातलेली नाही. लालबागच्या ज्या चाळीत मी लहानाची मोठी झाले, तिथे 'आम्ही मांजर पाळली आहे' असे कुणी म्हणत नसे. 'आमच्याकडे एक मांजर येते' असे म्हणत. फरक बारीक आहे, पण भाषेने तो नेमका टिपला आहे. येणे ही मांजरीची क्रिया. तिच्यात आपले कर्तृत्व काही नाही. सकाळी कोळीण येऊन गेली की ती पहिल्या मजल्यावर मोरीपाशी असे, दुपारी जिन्याच्या वळणावरच्या उन्हाच्या पट्ट्यात, आणि रात्री तळमजल्यावरच्या वाण्याच्या पोत्यांवर. एका दाराशी ती मनी होती, दुसऱ्या दाराशी चिंगी, आमच्याकडे नुसतीच 'बाय'. तिला खायला कोण घालते, या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण सगळेच घालत: बोंबलांची डोकी, मांदेलीचे काटे, ताटातला शेवटचा कालवलेला घास. ती व्याली की ज्याच्या पलंगाखाली व्याली त्याच्या घरी पाच-सहा आठवडे दबकी लगबग चाले. बाळंतिणीला दूध द्यायचे, मुलांनी पिल्लांना हात लावायचा नाही, संध्याकाळी केरसुणी तिकडे फिरवायची नाही. षष्ठीदेवीचे वाहन मांजर असते, हे आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना कुठल्या पुराणातून नव्हे, पाचवी-सहावीच्या पूजेतून माहीत होते. आणि ज्याला श्रद्धा पुरत नसे त्याला भीती पुरत असे. मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर वाहावी लागते, हे ऐकून माहीत नसलेले मूल चाळीत नव्हते. गिरणीच्या पगारात सोन्याची मांजर बसणारी नव्हती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. माझ्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपात माझे वडीलही होते. त्या काळाविषयी आई फारसे बोलत नाही, पण एकदा मांजरींचा विषय निघाला असता ती सहज म्हणून गेली, "तेव्हा मांजरं बारीक झाली होती गं. काटेसुद्धा आम्हीच चावून टाकायचो." गिरणगावाच्या त्या वर्षांवर मी बरेच वाचले आहे, विद्यार्थ्यांना वाचायला लावले आहे, या एका वाक्याइतके नेमके त्यातले थोडेच आहे. उरले तर मांजरीला, असा तो अलिखित करार होता. उरलेच नाही तर करार मोडला असे कुणी म्हणू शकत नव्हते, कारण मुळात कुणी शब्द दिलेला नव्हता.

माणूस आणि मांजर यांचे नाते मुळातच असे सैल आहे, असे इतिहास सांगतो. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. पश्चिम आशियातल्या माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आली, आणि जी माणसाला कमी घाबरत होती ती राहिली. कुत्र्याला, गायीला माणसाने बांधले. मांजर आपण होऊन आली. म्हणजे 'आमच्याकडे येते' हा चाळीचा वाक्प्रयोग साडेनऊ हजार वर्षे जुना म्हणायला हरकत नाही.

मुंबईच्या इतिहासात प्राण्यांना जागा मिळाली ती मात्र दोन वेगळ्या कारणांनी. एक कारण भूतदयेचे. १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून शहरात दंगल झाली आणि तिच्या पाठोपाठ, १८३४ मध्ये, गिरगावाला लागून असलेल्या भुलेश्वरात पांजरपोळ उभा राहिला. दुसरे कारण उपयोगाचे. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून १८७४ साली मुंबईत संस्था निघाली, आणि पुढच्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई रुग्णालय झाले. हे लांबलचक नाव परळ-लालबागमध्ये कुणाच्या तोंडी नाही. सगळे त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. शहर कुणाच्या पाठीवर चालत होते ते या नावात दिसते: माल ओढणारे बैल आणि ट्राम, गाड्या, व्हिक्टोरिया ओढणारे घोडे. मांजर नावात नाही, कारण तिने कधी काही ओढले नाही. गंमत अशी, की बैलगाड्या गेल्या, व्हिक्टोरियाही उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर गेल्या. आता त्या आवारात टोपल्यांतून आणि पिशव्यांतून येणारी मांजरे दिसतात, नाव मात्र बैलघोड्यांचेच राहिले आहे.

मांजरीचा उपयोग शहराला एकदाच फार प्रकर्षाने आठवला, तो प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत हा रोग उंदरांच्या पिसवांतून माणसाकडे येतो हे सिद्ध करण्याचे बरेचसे काम परळच्याच प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत झाले. त्याच सुमारास, १९०८ साली, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले की ज्या गावांत घरोघरी मांजरे आहेत तिथे प्लेगचा उपद्रव कमी दिसतो, तेव्हा मांजरे वाढवावीत. आज आपल्याला माहीत आहे की मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्याकडून तो माणसालाही होऊ शकतो. म्हणजे हा उपाय दिसला तितका सरळ नव्हता. पण मला रस आहे तो युक्तिवादात. मांजर ठेवा, कारण ती उंदीर मारते. मांजर मारू नका, कारण पाप लागते. उपयोग आणि दया (किंवा दयेच्या पोटातली भीती) या दोन खांबांवर आपला प्राण्यांविषयीचा जवळजवळ सगळा विचार उभा आहे. यांपैकी एकही कारण लागू नसेल तर? उंदीर नसलेल्या चौदाव्या मजल्यावर, पापपुण्याचा हिशेब न ठेवणाऱ्या घरात मांजर कशासाठी?

या प्रश्नापर्यंत मी २०१७ साली आले. त्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. आई एकटीच तिथे राहत होती. ती परळला माझ्याकडे आली. चाळ रिकामी होणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. करार होतात, भाड्याचे धनादेश वाटले जातात, भांडी पोत्यांत भरली जातात. देवघरातल्या देवांचीही सोय होते. प्रत्येक भाडेकरूचे नाव कुठल्या ना कुठल्या यादीत असते. मांजरींचे नसते. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला सबळ कारणाशिवाय उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण टाकून द्यायला आधी ते कुणाचे तरी असावे लागते. जी सगळ्यांकडे येत होती ती कुणाचीच नव्हती. कायद्याला ती दिसतच नव्हती. खोलीखोलीला कुलपे लागली आणि ज्या इमारतीने पिढ्यान्‌पिढ्या मांजरे सांभाळली होती ती इमारतच जाणार हे ठरले. चाळीत मांजर माणसांनी पाळली नव्हती, चाळीनेच पाळली होती, हे मला तेव्हा कळले.

इथे थोडे विषयांतर करते, पण ते वाटते तितके दूरचे नाही. भक्तिविचार शिकवताना आपण दोन न्याय सांगतो. मर्कटन्याय: माकडाचे पिल्लू आपल्या बळाने आईच्या पोटाला बिलगून राहते, तसा साधक स्वतःच्या प्रयत्नाने देवाला धरून ठेवतो. आणि मार्जारन्याय: मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते, तसा देव शरणागताला उचलतो. श्रीवैष्णवांच्या वडकलै आणि तेंगलै या शाखांमधला मतभेद याच दोन दृष्टांतांनी ओळखला जातो. दृष्टांत सुंदर आहे आणि विद्यार्थ्यांना चटकन कळतो. चाळ रिकामी होत असताना मी तो प्रत्यक्ष पाहिला. सामान हलू लागले तशी आमच्या मजल्यावरची मांजर बिथरली आणि पिल्ले हलवू लागली. एक तोंडात धरून ती जिना उतरली, अर्ध्या तासाने परत आली, दुसरे नेले. तेव्हा लक्षात आले की न्यायातल्या दृष्टांतात पिल्लू नेहमी एकच असते. खऱ्या मांजरीला चार असतात आणि तोंड एक असते. कृपा एका वेळी एकालाच उचलते. बाकीची जिन्याखाली वाट पाहतात. तिसरे नेल्यावर ती परत आली नाही. रस्त्यात काय झाले ते कळायला मार्ग नव्हता. चौथे पिल्लू जिन्याखाली, एका फाटक्या गोधडीच्या घडीत, दीड दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने ते पदरात घेतले आणि टॅक्सीत बसली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तिची फेरी राहिली होती. आपण पुरी करू."

'दत्तक' हा शब्द मांजरींसाठी मुंबईत हल्ली सर्रास वापरला जातो. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्या एका सहकाऱ्यांनी मला स्टाफरूममध्ये विचारले होते की मांजर दत्तक कशी घेणार, दत्तक म्हणजे ज्याला दिले ते, आणि इथे देणारे कोण? शब्दाची व्युत्पत्ती त्यांची बरोबरच होती. मात्र आईचे ते वाक्य ऐकल्यावर मला वाटते, दत्तविधानात देणारा असावा लागतो हे खरे असले तरी तो समोर उभा असावाच लागतो असे नाही. अर्ध्यावर राहिलेली फेरी हेही एक देणेच आहे.

पिल्लू तिरंगी होते, पांढऱ्यावर काळे आणि तांबूस तुकडे, म्हणून आणि जिथे सापडले त्याचीही आठवण म्हणून तिचे नाव गोधडी पडले. मांजरींच्या या रंगामागचे विज्ञान मला पुढे एका विद्यार्थिनीने सांगितले. तांबूस रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते; मादीला दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एकच जागा राहतो, म्हणून अंगावर ठिगळे पडतात; त्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. ते जनुक नेमके कोणते, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ साली प्रसिद्ध केले. आईचे म्हणणे एवढेच, की गोधडी कधी पुरुषाने शिवलेली पाहिली आहेस का.

मांजर घरात आल्यावर पहिल्यांदा मोडीत निघतात त्या आपल्या म्हणी. मांजर आणि दूध यांची मराठीत लावलेली जोडी तर फारच अविश्वसनीय निघाली. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दूध पचत नाही; डोळे मिटून पिणारी मांजर नंतर काय भोगते, ते म्हणीत येत नाही. ती पूर्णपणे मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य तिला अन्नातूनच मिळावे लागते, ते मांस-मासळीत असते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. म्हणजे दूधपोळीवर वाढवलेली मांजर ही भूतदयेची नव्हे, आपल्या सोयीची गोष्ट आहे. दुखण्यावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी तिला प्राणघातक ठरते. लिलीच्या फुलांनी तिची मूत्रपिंडे निकामी होतात. मांजर उंचावरून पडली तरी चार पायांवर उतरते, हाही समज चौदाव्या मजल्यावर कामाचा नाही. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्या लागल्या. लसी झाल्या. सहा महिन्यांची होताच शस्त्रक्रिया झाली. तिला आईचा विरोध होता. "तिची कूस आपण कोण बंद करणार?" असे ती म्हणाली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, माहिती होती. पुढे स्वतःच म्हणाली, "जिन्याखाली ठेवायला आता जिना तरी कुठाय?" लिफ्टच्या इमारतीत जिना असतो, पण तिला काय म्हणायचे होते ते मला कळले.

सोसायटीत प्रश्न निघाला. प्राणी पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे. तो कागद दाखवल्यावर प्रश्न मिटला. पण सभेतली एक तक्रार माझ्या लक्षात राहिली आहे. एक सभासद म्हणाले, "मांजर काय, येते-जाते, तिला पाळायचं कशाला?" त्यांचे बालपणही याच भागातल्या चाळीत गेले होते. त्यांच्या तोंडी चाळीचीच भाषा होती. फक्त येण्याजाण्याला आता वाट नव्हती. दारे दिवसभर बंद, पॅसेजमध्ये कॅमेरे, खाली सुरक्षारक्षक. जिथे येता येत नाही तिथे मांजरीला आणावेच लागते. आणि आणली की 'येते' हे क्रियापद संपते, 'पाळणे' सुरू होते.

कुत्रा माणसाला ओळखतो आणि मांजर घराला, असे आपण म्हणतो. चाळ सुटल्यावर आईचीही गत मांजरीसारखीच झाली होती. ती माणसात होती, घरात नव्हती. पहिले काही महिने ती दिवसातून चार वेळा दार उघडून पॅसेजमध्ये उभी राहायची आणि बंद दारे पाहून आत यायची. गोधडी आल्यावर दिवसाला वेळापत्रक आले. सकाळी खाणे, मग वाळूचे तबक साफ करणे, बुधवारी-शुक्रवारी मासळी, दुपारी दोघींची झोप. म्हण खोटी आहे असा माझा दावा नाही. पण साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये मथी नावाची मांजर आहे, ती आईच्या मृत्यूनंतर अन्न सोडते आणि तिच्यामागोमाग जाते. लहानपणी मला ते भाबडे वाटले होते. मांजरीच्या पिल्लांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोनतृतीयांश पिल्ले आपल्या माणसाशी, तान्ही मुले आईशी जोडलेली असतात तशीच, आश्वस्त नात्याने जोडलेली दिसली. गुरुजींना या अभ्यासाची गरज नव्हती. मला होती.

गेल्या वर्षी गोधडीची मूत्रपिंडे अशक्त झाल्याचे निदान झाले. उतारवयाकडे झुकलेल्या मांजरींचा हा नेहमीचा आजार आहे. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. एक दिवसाआड तिला कातडीखाली सलाइन द्यावे लागते. डॉक्टरांनी ते घरी कसे द्यायचे हे शिकवले. पडद्याच्या दांडीला बाटली टांगायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिथे सुई घालायची. आई तिला मांडीवर धरते, सुई मी घालते. मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत, अशी म्हण आहे. पिल्लू उचलताना मांजर नेमकी तिथेच धरते. सुईही तिथेच जाते आणि बहुतेक वेळा लागत नाही.

याला पैसे लागतात, आणि वेळ. आणि हे सगळे परळमध्ये घडते, हे मला विसरता येत नाही. ज्या रस्त्याने मी मांजरीची टोपली घेऊन जाते, तिथून थोड्याच अंतरावर टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर देशभरातून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातलग पथाऱ्या टाकून असतात. केईएमच्या दारात रांग असते. माझ्या वर्गातली एक मुलगी अशाच रांगेत वडिलांना घेऊन उभी असते आणि परीक्षेला येते. माणसांची ही दशा असताना मांजरीच्या सलाइनवर खर्च करावा का, असे तिने मला विचारलेले नाही. पण प्रश्न तिथे आहे, आणि कुणी विचारला तर तो उद्धट म्हणता येणार नाही. ज्या घरात कधीकाळी काटेसुद्धा चावून टाकले जात होते, त्या घरातल्या मला तरी तो झटकता येत नाही.

या प्रश्नाला 'दोन्ही करावे' हे उत्तर सोपे आहे आणि शक्य तेवढे ते करावेही. पण ते मूळ मुद्द्याला हात घालत नाही. दया हा आधार मानला तर मी हरले. दयेला उतरंड असते आणि असावी; तिच्यात माणूस आधी, मूल आधी, अधिक दुःखी तो आधी. राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांत, १९७६ साली, सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आले, ते योग्यच झाले. परंतु तेवढ्या आधारावर या एका मांजरीच्या वाट्याला ही एक बाटली का, हे सांगता येणार नाही. उपयोगाच्या आधारावर तर बोलायलाच नको. उरते ते 'पाळणे'. शब्द पाळताना आपण ज्याला शब्द दिला तो जगातला सर्वांत गरजू माणूस आहे का, हे तपासत नाही. तो दिलेला असतो, एवढे पुरते. मी जगातल्या सगळ्या मांजरींना बांधील नाही, त्या चाळीतल्याही सगळ्या नाही; जिला जिन्याखालून उचलून चौदाव्या मजल्यावर आणले, जिच्या येण्याजाण्याच्या वाटा जाळ्या लावून बंद केल्या, तिला आहे. तिच्याकडे आता माझ्याशिवाय दुसरे दार नाही, आणि ते मीच केलेले आहे.

म्हणून त्या यादीच्या दोन गटांविषयी माझे मत बदलले आहे. गाय पाळणे आणि शब्द पाळणे ही दोन वेगळी वाक्ये नसून पहिल्यात दुसरे गृहीत आहे. प्राणी पाळणाराच बांधला जातो; प्राण्याला बांधले हे वरवरचे दिसणे झाले. चाळीच्या व्यवस्थेत हा शब्द कुणालाच द्यावा लागत नव्हता, हे तिचे मोठेपणही होते आणि तिची उणीवही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या चाळी एकेक करून जात आहेत. जे इतके दिवस इमारतीने निभावले ते यापुढे एकेकट्या माणसांनी, बंद दाराआड, ठरवून निभवायचे आहे. सगळ्यांना ते जमणार नाही आणि जमावे असा आग्रहही धरता येणार नाही. पण ज्याने उचलले त्याला मध्येच खाली ठेवता येत नाही, इतके तरी या क्रियापदाच्या पोटात आहे.

डॉक्टरांनी हल्लीच, अगदी सौम्यपणे, पुढचा प्रश्न विचारून ठेवला आहे: तिला फारच त्रास होऊ लागला तर शांतपणे जाऊ द्यायचे का. मी आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खाते तोवर विचारू नकोस. खायची थांबली की तीच सांगेल. तेव्हा मात्र उगाच अडवू नकोस तिला." शब्द पाळण्यात शेवटी सोडणेही येते, हे मी कुठल्या कोशात वाचले नव्हते. सध्या ती खाते आहे. उद्या बुधवार, आईने मांदेली आणायला सांगितली आहे.